अक्का मिरजेहून परत आली

शुक्रवार, रात्र. शहापूर, बेळगाव.

आज दुपारच्या गाडीने अक्काला मिरजेहून घरी आणले. तंबोरा हा शब्द मराठीत पुल्लिंगी असला, तरी आमच्या घरात गेली तीस वर्षे ‘अक्काला उभी कर’, ‘अक्का आज जड बोलते आहे’ अशीच वाक्ये कानावर पडतात, आणि नव्याने गाणे शिकायला येणारी मुले पहिले काही दिवस गोंधळून मग आपोआप त्याच वळणावर येतात. हा तंबोरा मुळात निपाणीला राहणाऱ्या, आजीच्या थोरल्या बहिणीचा. त्यांना सगळेच अक्का म्हणत. त्या गेल्यावर वाद्य आमच्याकडे आले आणि ‘अक्कांचा तंबोरा’ यातला दुसरा शब्द कधी गळून पडला, ते कुणाच्या लक्षातही आले नाही. आमच्या भागात कानडी घरातही थोरली बहीण अक्काच असल्यामुळे, शेजारच्या कानडी बाईंना हे नाव कधी समजावून सांगावे लागले नाही.

गेल्या महिन्यात तंबोऱ्याच्या तळाच्या भोपळ्याला चीर गेली. चूक माझीच होती. भिंतीला ओल आली म्हणून तंबोरा कोपऱ्यातून हलवून पलंगाच्या कडेला टेकवला आणि तो घसरला. मिरजेच्या कारागिरांनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि भोपळाच बदलावा लागेल, पंढरपूरकडचा चांगला वाळलेला भोपळा आहे, असे सांगितले. मी वेड्यासारखे विचारले, “मग ती अक्का राहील का हो?” ते मान वर न करताच म्हणाले, “तारा दरवर्षी बदलता, जवारी काढून नेता, तेव्हा नाही विचारलंत बाई.” जवारी म्हणजे घोडीवर तार हलकेच घासून उठणारी गुंज; ती काढायची म्हणजे घोडी घासून नीट करायची.

येताना कृष्णेवरचा पूल ओलांडून कुडची मागे पडेपर्यंत मी त्याच उत्तराशी भांडत होते. इटलीतल्या स्त्राडिवारी या कारागिराच्या व्हायोलिनांना नावे आहेत, पण ती बहुतेक मालकांची किंवा विक्रेत्यांनी चिकटवलेली. 1721 सालचे ‘लेडी ब्लंट’ हे इंग्रज कवी लॉर्ड बायरनच्या नातीचे, म्हणून ते नाव. म्हणजे आमच्याकडच्या शेताच्या उताऱ्यावर असते तशी ती मालकाची नोंद झाली. 1716 सालच्या ‘मसीहा’ची गोष्ट त्याहून गमतीची आहे. त्याचा मालक त्याची सतत बढाई मारी, पण ते कुणाला दाखवत नसे, तेव्हा एका वादकाने टोमणा मारला की हे व्हायोलिन मसीहासारखे आहे, वाट पाहत राहावे आणि ते कधी येऊ नये. यापेक्षा मला पगानिनी या इटालियन वादकाच्या, दुसऱ्या कारागिराने घडवलेल्या व्हायोलिनचे ‘तोफ’ हे नाव आवडते, कारण ते वाद्याच्या आवाजावरून पडले. त्या काळच्या बहुतेक जुन्या व्हायोलिनांच्या माना पुढे एकोणिसाव्या शतकात बदलल्या गेल्या, तरी नावे मात्र तशीच राहिली.

खरा धक्का अमेरिकन ब्लूज गायक बी. बी. किंग यांच्या गिटारीचा. 1949 साली अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या ट्विस्ट या गावी नाचघरात दोन पुरुषांच्या मारामारीत रॉकेलची पेटती शेगडी उलटली आणि आग लागली. बाहेर पडलेले किंग गिटारीसाठी पुन्हा आत धावले. मारामारी ल्यूसिल नावाच्या बाईवरून झाली होती, असे दुसऱ्या दिवशी कळले, तेव्हा असा मूर्खपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्यांनी गिटारीचे नाव ल्यूसिल ठेवले. पुढे त्यांनी कितीतरी गिटारी वाजवल्या आणि त्या साऱ्या ल्यूसिलच. त्यांच्या बाबतीत तर भोपळाच नव्हे, सगळे वाद्यच बदलत गेले. बिस्मिल्ला खाँ पत्नी गेल्यावर शहनाईला बेगम म्हणू लागले आणि 2006 साली त्यांच्यासोबत शहनाईही दफन झाली. ही दोन टोके माझ्या मनात काही केल्या जुळत नाहीत, आणि ती जुळावीत असा माझा आग्रहही नाही.

आपल्याकडे ही हौस जुनीच आहे म्हणा. नारदाची वीणा महती, सरस्वतीची कच्छपी, तुंबरूची कलावती. गीतेच्या पहिल्या अध्यायात तर युद्ध सुरू होण्याआधी पांचजन्य, देवदत्त, पौंड्र असे शंख नावानिशी वाजतात. पण ही भारदस्त नावे घेऊन वाद्याला कुणी रागावत असेल, असे वाटत नाही. अक्काला मी रागावते. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या फिरेनाशा होतात, खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची तार, उतरत राहतो आणि शिकवणीची पंधरा मिनिटे त्यातच जातात, तेव्हा “अक्का, आता पुरे कर ग” असे तोंडातून जातेच, आणि मुली तोंड दाबून हसतात.

संध्याकाळी तारा चढवल्या. पंचम लगेच बसला. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारांखालचे दोरे सरकवत राहिले, तेव्हा अर्ध्या तासाने जवारी खुलली. खर्ज मात्र पूर्वीइतका खोल नाही. नवा भोपळा मुरायला वेळ लागेल. स्वयंपाकघरातून आईने विचारले, “अक्का आली का?” म्हणजे आवाज तिला ओळखू आला होता, किंवा ती मला गाडीवरून उतरलेली पाहून म्हणाली असेल.

जुना, चिरलेला भोपळा कारागिरांकडून मागून घेऊन मी लुगड्यात गुंडाळून आणला आहे. तो माळ्यावर ठेवायचा की येत्या खंडेनवमीला अक्काशेजारी पूजेत मांडायचा, हे मला ठरवता आलेले नाही. मघाशी मुलाने विचारले, “आई, हा भोपळा कुठे ठेवू?” तो भोपळाच म्हणाला.