नळ बंद, तरी मीटर पळतंय

हिवाळा आला की लातुरात माझा फोन थांबत नाही. तक्रार ठरलेली असते: बिल वाढलंय, गिझरची कॉईल बदलून द्या. इथलं बोअरचं पाणी जड, कॉईलवर क्षारांचा जाड थर बसतो, म्हणून दोष तिच्यावरच जातो. खरं तर त्या थरामुळे कॉईल आतून जास्त तापून लवकर जळते. पण वीज कॉईलची, उष्णता पाण्यातच जाते, त्यामुळे बिलात त्याने फारसा फरक पडत नाही.

औसा रोडकडच्या एका निवृत्त गुरुजींकडेही असंच बोलावणं आलं. २५ लिटरचा जुना, दोन किलोवॅटचा गिझर. कॉईल धडधाकट होती. पण टाकीच्या बाहेरच्या पत्र्यावर हात ठेवला तर चांगलाच ऊबदार लागला, आणि तो तसा लागायला नको. दिवसभर चालूच का ठेवता, असं विचारलं तर काकू म्हणाल्या, "बंद करून परत तापवायला लई वीज लागते म्हनतेत ना दादा?"

हा समज मी घरोघरी ऐकतो, आणि त्यात लोकांचा पैसा जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाणी जितकं गरम आणि जितका वेळ गरम, तितकी उष्णता टाकीतून बाहेर जाते. बंद गिझर निवत जातो तसा त्याचा तोटाही कमी होत जातो. नुसतं सांगून पटणार नव्हतं, म्हणून बोर्डावरचे बाकीचे सगळे एमसीबी पाडले, फक्त गिझर ठेवला आणि नळांना हात लावायचा नाही असं ठरवलं. त्यांच्या मीटरवर ३२०० वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट, असं छापलेलं होतं. पाणी तापून थर्मोस्टॅट, म्हणजे ठरल्या तापमानाला वीज तोडणारा भाग, पडला, दिवा थांबला. तासाभराने थर्मोस्टॅट लागला आणि चारेक मिनिटं दिवा पळत राहिला. पुढच्या तासाला पुन्हा तेच. गुरुजी खुर्ची टाकून बसले होते, वहीत मोजत होते: एका खेपेला सव्वाचारशेच्या आसपास.

गणित त्यांनीच मांडलं. तासाला ०.१३ युनिट, दिवसाला तीन, महिन्याला नव्वदच्या वर. आणि अंघोळीला? २५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला पाऊण युनिटसुद्धा लागत नाही. वहीकडे बघत गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. गिझर सोडूनही त्यांचं बिल १०० युनिटांच्या पुढचं, म्हणजे हे सगळे युनिट महागड्या टप्प्यात पडत होते. महिन्याला हजाराच्या आसपास रुपये नुसतं पाणी गरम ठेवायला जात होते.

शेजाऱ्यांनी त्यांना तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर सुचवला होता. तो मिनिटाला दोन लिटर पाणी जेमतेम २१ अंशांनी तापवतो, जानेवारीच्या पहाटे बादली भरायला ताटकळत बसावं लागतं. गच्चीवर सोलर सगळ्यात स्वस्त पडलं असतं. आपल्या पाण्याला काचेच्या नळ्यांचं घ्यावं, तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने चोंदतात. पण त्यांची पाण्याची टाकी बुटकी, ती सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, आणि नवा कट्टा बांधायची त्यांची तयारी नव्हती.

मग पाच स्टारचा साठवणीचा गिझर घेतला. लोक दुकानात लिटर आणि रंग बघतात. साठवणीच्या गिझरचे स्टार मात्र, नुसतं पाणी गरम ठेवताना किती वीज वाया जाते, त्यावर दिलेले असतात. तेवढं एक विचाराच. जुना उतरवून पत्रा उघडला, तर आतला काचलोकरीचा थर गळतीने भिजून एका बाजूला गोळा झाला होता, अर्धी टाकी उघडीच.

नवा बसवून थर्मोस्टॅट ५५ वर आणला. अंघोळीच्या आधी अर्धा तास लावायचा आणि नंतर बटण बंद, हे काकूंनी स्वतःच ठरवलं. पुढच्या बिलात युनिट नव्वदहून अधिक उतरले. गुरुजींनी दोन्ही बिलं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "आता औशाला धाकट्याच्या घरी चल. त्याचाबी गिझर दिवसभर चालूच अस्तो."