तुम्ही विचारलंत म्हणून: खडे कशाला?

माळावरच्या एका उंदराच्या बिळाचा, आतल्या खड्यांचा फोटो दाखवला की प्रश्न ठरलेले. "उंदीर मारायचे सोडून फोटो कसले काढता?" आणि "पण खडे कशाला हो?"

पहिल्याचं आधी उरकते. बिळात धान्य साठवणारे शेतातले उंदीर वेगळे. हा मुरमाड माळावरचा, बिया-किडे खाणारा, अंगापेक्षा शेपूट आखूड, पाठीवर केसांत चपटे काटे. त्याचं शास्त्रीय नाव 'मुस प्लॅटिथ्रिक्स', म्हणजे चपट्या केसांचाच. 1832 साली बेनेट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं ते दख्खनच्या नमुन्यावरून, म्हणजे अस्सल आपल्याकडचा. गणपतीच्या वाहनाचे विनोद ऐकून झालेत.

आता खडे. बिळाच्या तोंडाशी त्यांचा ढीग असतो. स्वारी आत गेली की त्यांनीच दार लावून घेते. आतही खड्यांचं अंथरूण असतं, असं वॉल्टर इलियट या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने 1839 मध्ये धारवाडकडचं पाहून लिहिलंय. बरीच वर्षं मी तेच ऐटीत सांगायचे. मग एकाने विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंय?"

लागलं ते. पाऊस सरल्यावर सासवडकडच्या एका माळावर टिकाव घेऊन गेले. बांधाच्या उतारावर बीळ, तोंडाशी चिंचोक्याएवढे खडे. ते आधी वेचून मोजले: 57. मग खणत गेले. हातभर आत खोली लागली. खरंच खड्यांचा थर, वर जरासं वाळकं गवत आणि त्यावर दोन पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेले. आई माझ्या बुटावरून उडी मारून निसटली. मी आधी फोटो काढला. हो, आधी फोटो. मग वर फरशीचा तुकडा ठेवला, माती लोटली, खडेसुद्धा तोंडाशी परत मांडले. शहाणीच! सकाळी फरशी उचलली तर मुंग्यांची रांग लागलेली.

तुम्ही "वा!" म्हणता तो फोटो हाच.

पाहिल्याशिवाय बोलू नये, असं तेव्हा मला वाटायचं. आजही ते पुरतं चूक वाटत नाही. एक बीळ, त्यात काय, असंही मनाला समजावून झालं. पण खणून कळलं काय? खडे आत आहेत, एवढंच. ते इलियटने लिहिलेलंच होतं. गारठ्यासाठी, ओलीसाठी, सापासाठी, का नुसती सवय, ते त्या 57 खड्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा कशाला ते मला विचारू नका. आणि बीळ दाखवा म्हणूनही नको.