तुम्ही विचारलंत म्हणून : पोरगं खेळतंय, मग फॉर्म का अडवता?

"पोरगं मैदान मारतंय, तुम्ही कागदांत काय शोधता?" ऑगस्ट उजाडला की कॉलेजच्या जिमखान्याच्या दारात पालक आणि कबड्डी मंडळांचे प्रशिक्षक हेच विचारतात. पात्रतेचे फॉर्म मी भरून घेतो, म्हणून एकदाचं सांगतो.

आंतरविद्यापीठ स्पर्धेचे नियम भारतीय विद्यापीठ संघाचे. 1 जुलैला वय 25च्या आत हवं, बारावीला 8 वर्षांहून जास्त झालेली नकोत, प्रवेश पूर्णवेळ आणि पक्का हवा, पूर्णवेळ नोकरी नको. इतके टक्के हवेत अशी अट त्यात नाही, तेव्हा "हुशार पोरांनाच खेळवता" हा आरोप माझ्यावर नको. कॉलेजच्या 75 टक्के हजेरीचं प्रकरण वेगळं. तिथे सामन्याचं पत्र वेळेत ऑफिसात दिलं नाही, तर ते दिवस गैरहजेरीत जातात.

फॉर्म अडतो तो बारीक गोष्टींवर. परराज्यातल्या बोर्डाच्या मुलाचं मायग्रेशन, म्हणजे जुन्या बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र, आलेलं नसतं, म्हणून प्रवेश तात्पुरताच राहतो. आधारवर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरं. आणि जन्मतारीख.

जन्मतारखेनेच एका पोराचं वर्ष गेलं. परळच्या मंडळात घडलेला, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, बचावात उजवा कोपरा सांभाळणारा. त्याने घोटा धरला की चढाईवाला सुटायचा नाही. दहावीच्या सनदेवर तारीख 1 जून. गावाकडच्या शाळांत काय चालायचं ते ठाऊक आहे ना? शाळा जूनला उघडणार, सहा वर्षं पूर्ण दिसायला हवीत, म्हणून गुरुजी सरसकट 1 जून लिहायचे. हा जन्मला गौरी-गणपतीत. आईने ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणला, त्यावर सप्टेंबर होता. दाखल्याने वय 24, सनदेने 1 जूनलाच 25 पूर्ण. आधारही सनदेवरूनच काढलेलं. शाळा सुटल्यावर ती तारीख बदलून घेणं फार अवघड, आणि फॉर्म जायला चार दिवस उरलेले. माऊली म्हणाली, "सर, मी जन्म दिलाय, मला माहीत नसणार?" मी फॉर्म पुढे पाठवला नाही. सनद धरतात, दाखला नाही. पाठवला असता आणि कुणी हरकत घेतली असती, तर अख्ख्या संघाचा निकाल गेला असता. हे खरं आहे. पण त्याच्या बाजूने एक अर्ज तरी लिहायला हवा होता, हेही खरंच.

पूर्वी मी म्हणायचो, वयाची अट काढूनच टाका. मग अठरा वर्षांचं पोर समोरच्या दणकट गड्याखाली मॅटवर दबलेलं पाहिलं की अट हवीशी वाटते. त्या माऊलीचा चेहरा आठवला की पुन्हा नकोशी.

आता मी खेळाडूंच्या सनदेसाठी ऑगस्टपर्यंत थांबत नाही, एफ.वाय.च्या प्रवेशालाच मागतो. तारखेखाली पेन्सिलने रेघ मारतो. 1 जून दिसली की पालकांना बोलावून घेतो आणि कोणत्या वर्षापर्यंत खेळता येईल ते कागदावर मांडून दाखवतो. दाखल्यावर वेगळी तारीख निघाली, तर पुढे काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.