सोळा थ्रेड घेतले, अडकलो रॅमवर

मागच्या मे महिन्यात कोथरूडच्या घरात बसून मी सी प्लस प्लस या भाषेतला एक अगडबंब प्रोजेक्ट चार कोअरच्या (म्हणजे प्रोसेसरमध्ये चार कामकरी असलेल्या) जुन्या लॅपटॉपवर बिल्ड करत होतो, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम तयार करत होतो. पूर्ण बिल्डला २२ मिनिटं लागायची. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला की माझा आवाज तुटायचा आणि आमच्या लीड मॅडम विचारायच्या, "अरे, विहिरीतून बोलतोयस का?"

शेवटी डेस्कटॉप असेंबल करून घ्यायचं ठरवलं. टिळक रोडवरचे एक दुकानदार म्हणाले, "साहेब, आठ कोअर, सोळा थ्रेड. डोळे झाकून घ्या." एकेक कोअर दोन कामं सोबत हाताळतो, म्हणून सोळा थ्रेड. रॅम? "१६ जीबी बास झाली हो." मी खरंच डोळे झाकले.

लिनक्स टाकलं आणि पहिल्याच रात्री ऐटीत 'मेक -जे १६' दिलं, म्हणजे एका वेळी सोळा कामं घेऊन बिल्ड कर. तिसऱ्या मिनिटाला माउसचा बाण जागीच थिजला. कोअर आणि मेमरी किती वापरात आहेत ते दाखवणारं 'एचटॉप' उघडायला टर्मिनलमध्ये नाव लिहितोय तर एकेक अक्षर उमटायला पाच-पाच सेकंद! उघडलं तेव्हा सगळा उलगडा झाला. थ्रेडच्या सोळा पट्ट्यांपैकी बहुतेक जवळजवळ रिकाम्या, मेमरीची पट्टी काठोकाठ आणि स्वॅप, म्हणजे मेमरी भरली की वापरली जाणारी डिस्कवरची उसनी जागा, चढतोय. टेम्प्लेटांनी (कोडच्या साच्यांनी) गच्च भरलेली आमची एकेक फाइल कंपाइल होताना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरताना, दीडेक जीबी खाते. सोळा एकदम म्हणजे २४ जीबी. माझ्याकडे १६, त्यातही ब्राउझर आणि आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आधीच ठाण मांडून बसलेले. त्यामुळे डिस्कवर गेलेली मेमरीची पानं परत यायची वाट बघत कोअर नुसते बसून होते. बिल्डला ३१ मिनिटं लागली. पैसे खर्चून मी जुन्या लॅपटॉपच्याही मागे गेलो होतो.

'-जे ६' वर आणल्यावर १२ मिनिटं झाली. आणखी १६ जीबी बसवली आणि '-जे १४' वर ९.

त्या ९ मिनिटांतली शेवटची दोन मात्र खटकत होती. एक पट्टी शंभर टक्के, बाकीच्या झोपलेल्या. लिंकिंग, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम करणं, चालू होतं आणि ते करणारा आमचा जुना लिंकर एकाच थ्रेडवर काम करणारा. मी वैतागून हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "पुरण शिजेपर्यंत लाटायला चार जणी असून काय करायचंय?" १९६७ साली संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी मांडलं ते हेच. दहातला एक भाग वाटून देता येत नसेल, तर हजार कोअर लावले तरी वेग दहापटीच्या पुढे जात नाही. एका मित्राच्या सांगण्यावरून एलएलडी लिंकर लावला. तो बरंचसं काम थ्रेडांत वाटतो. दोन मिनिटांची वीसेक सेकंदं झाली.

आता जे दुकानात कोणी सांगत नाही ते. पूर्ण बिल्ड मी दिवसातून एकदाच करतो. एक फाइल बदलायची, कंपाइल करायची, टेस्ट चालवायची, हे चाळीस-पन्नास वेळा. एका फाइलला एकच कोअर पुरतो. तिथे जो काही फरक पडला तो नव्या कोअरच्या वेगामुळे, संख्येमुळे नाही. संख्येचा उपयोग झाला तो भलतीकडेच. बिल्ड 'नाइस' लावून खालच्या प्राधान्याने सोडतो, दोन थ्रेड मोकळे ठेवतो, शेजारी डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) डेटाबेस चालू असतो, तरी कॉल तुटत नाही. कोणी फक्त बिल्ड लवकर व्हावं म्हणून कोअर वाढवत असेल, तर मी त्याला आधी एचटॉप उघडायला लावीन.

परवा हे सगळं एकदम चालू होतं. मॅडम म्हणाल्या, "आज आवाज अगदी स्वच्छ येतोय, ऑफिसला आलायस वाटतं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लाइट गेली. गुरुवार होता, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार. लॅपटॉपला निदान बॅटरी तरी होती.