दोरीवर टांगलेली अक्षरं

माझं बेळगावात शहापूरला डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे बॅनर असली कामं. मार्चमध्ये खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या बाई आल्या. पटनोंदणीचं पत्रक करायचं होतं, घरोघरी जाऊन वाटायला, कारण पट दरवर्षी कमी होत चाललाय. आणि अट एकच, पत्रक वाचताना एखाद्या पोरानं लिवलंय असं वाटलं पाहिजे.

मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. गूगल फॉन्ट्सवरचा कलम लावून बघितला, फॉन्ट सुंदर आहे पण ते मोठ्या माणसाचं, हात बसलेलं अक्षर आहे. इंग्रजीत लोक अशा कामाला कॉमिक सॅन्स लावतात, पण तोसुद्धा व्हिन्सेंट कॉनेअरने १९९४ मध्ये कॉमिक्समधल्या अक्षरांवरून केलेला, पोरांच्या वहीवरून नाही. शेवटी एक वरखाली उड्या मारणारा फॉन्ट लावला आणि प्रिंट काढून दिली.

बाईंनी प्रिंट हातात घेतली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हे बघा की दादा, 'शाळा' तीनदा आलंय आणि तिन्ही डिट्टो एकच. आमच्या पोरांना मुद्दाम सांगितलं तरी असं जमायचं नाही."

मी म्हणालो, मग एखाद्या पोराकडूनच लिहून घ्या, मी स्कॅन करतो. तर म्हणाल्या, "एकाचंच अक्षर छापून आलं तर बाकीच्यांनी काय करायचं? सगळ्यांचं पाहिजे."

म्हणून गुरुवारी दुकान बंद ठेवून बस धरली. दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग, १४ मुलं. फॉन्ट करायला मिळतात तसले चौकटीचे कागद मी छापून नेले होते, एका चौकटीत एक अक्षर. ते वाटले आणि सगळी पोरं परीक्षेला बसल्यासारखी जीव मुठीत धरून लिहायला लागली, प्रत्येकाचा क पाठ्यपुस्तकातला. ते कागद परत घेतले, कोरे दिले आणि म्हटलं शाळेबद्दल काय वाटेल ते लिहा.

मग जे बघितलं ते मी इतक्या वर्षांच्या धंद्यात कधी नीट बघितलेलं नव्हतं. एकानं आधी पट्टीनं आख्खी रेघ मारली आणि तिला एकेक अक्षर टांगत गेला, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं. शेजारचा आधी शब्द पूर्ण करून मग वरनं रेघ ओढत होता, ती शेवटच्या अक्षरापर्यंत पोचायचीच नाही. एक मुलगी तर सलग रेघच देत नव्हती, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी बारकी आकडी. बाई म्हणाल्या, आत्ताच कन्नडचा तास झालाय तिचा. कन्नडात अशी सलग शिरोरेघ नसतेच, बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आपापली आकडी, म्हणजे तलकट्टु असतो, तोच तिच्या हातात राहिला होता. आणि ऱ्हस्व वेलांटी! आपण बोलताना आधी व्यंजन म्हणतो, मग पोरगं आधी 'द' लिहितं, मग आठवतं की वेलांटी अलीकडे येते, आणि तिथं जागाच उरलेली नसते, मग ती काडीसारखी चेपून घुसवायची. ओळ संपत आली की अक्षरं बारीक होतात आणि समासाच्या कडेनं खाली उतरतात. म्हणजे वाकडंतिकडं उगाच नसतं, प्रत्येक वाकडेपणाला कारण असतं, आणि तयार फॉन्टात फक्त वाकडेपणा घेतात, कारण घेत नाहीत.

घरी येऊन सगळं स्कॅन केलं. पत्रकात जेवढी अक्षरं लागतात तेवढीच करायची ठरवली, कारण देवनागरीचा पूर्ण फॉन्ट म्हणजे जोडाक्षरांसकट शेकडो आकार होतात, तेवढा वेळ नव्हता. प्रत्येक अक्षराचे तीन-तीन नमुने घेतले, तिन्ही वेगवेगळ्या पोरांचे, आणि ओपनटाइपमध्ये, म्हणजे फॉन्टाच्या फाइलीतच असे नियम घालता येतात त्या पद्धतीत, नियम लिहिला की एकच अक्षर परत आलं की पुढचा नमुना यावा. वेलांटीचा एक चेपलेला प्रकार ठेवला. सगळ्यात त्रास शिरोरेघेनं दिला. फॉन्टात प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि सगळे तुकडे एकाच उंचीवर जुळावे लागतात, मला तर ते थोडे चुकवायचे होते पण शब्द तुटू द्यायचा नव्हता. ल आणि श तपासून घेतले, कारण हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या फॉन्टात ते हिंदी वळणाचे येतात आणि आमची पोरं मराठी वळणाचे काढतात, ते वळण मला सोडायचं नव्हतं.

५०० प्रती घेऊन परत शाळेत गेलो. पोरांनी मजकूर वाचलाच नाही, सगळी आपापलं अक्षर हुडकायला लागली. "बाई, ह्यो ळ माझा हाय, मी लिवलोय!" "शाळामधला श माझा की ओ." ती कन्नडच्या आकडीवाली मुलगी गप्प बसून 'मराठी'मधल्या ठ वर बोट फिरवत होती, तो तिचा होता.

एक मुलगा मात्र पत्रक दोनदा उलटसुलट करून बघून म्हणाला, "माझं काय बी न्हाई ह्यात."

खरंच नव्हतं. त्याचं अक्षर पेन्सिल बोथट असल्यानं स्कॅनमध्ये नीट आलं नव्हतं आणि मी ते बाजूला टाकलं होतं. ३०० प्रती तिथं ठेवल्या, २०० परत आणल्या. रात्री त्याचा कागद पुन्हा स्कॅन केला, 'आणि'मधला ण त्याचा घातला आणि त्या २०० नव्यानं छापून शुक्रवारी सकाळच्या बसनं पाठवल्या.