तिसऱ्या गाळ्याचा आवाज

लोखंडी पुलावर चढायच्या आधीच गाडी दुसऱ्या गियरमध्ये घ्यायची. पुलावर गियर बदलायचा नाही, ब्रेक मारायचा नाही, एक्सिलेटरवरचा पाय हलवायचा नाही. ज्या जुन्या चालकाने मला हे शिकवलं त्यांनी कारणंही सांगितली होती. ओल्या लोखंडावर टायर धरत नाही. शिवाय पुलावर करकचून ब्रेक लावला की चालत्या गाडीचा सगळा रेटा गर्डरखालच्या, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळयांखालच्या, बेअरिंगवर जातो. आणि गाडी मधोमध ठेवायची, म्हणजे दोन्ही बाजूंचे गर्डर भार सारखा उचलतात. एका अंगाला घसटून गेलात तर त्या अंगाच्या गर्डरवर जास्तीचं ओझं पडतं.

मी एसटीत चालक, सिंधुदुर्गात. खाडीपलीकडच्या एका गावची फेरी बरीच वर्षं माझ्याकडे होती. त्या वाटेवर जुना पूल आहे. दगडी खांब, त्यावर रिव्हेट मारलेले गर्डर आणि वर नुसत्या लोखंडी प्लेटा; डांबर नाही की काँक्रीट नाही. रुंदी इतकी बेताची की एसटी आत शिरली की आरसा आणि कठडा यांच्यात वीतभर जागा उरते. समोरून मोटारसायकल आली तरी तिने पलीकडच्या टोकाला थांबायचं. टोकाशी वजनाच्या मर्यादेची पाटी होती, पण खाऱ्या वाऱ्याने तिच्यावरचा आकडा कधीच खाऊन टाकला होता. ‘एका वेळी एकच वाहन’ एवढं मात्र वाचता येत असे.

अशा पुलावर चालक जेवढं डोळ्यांनी बघतो तेवढंच कानांनी ऐकतो. प्रत्येक गाळ्याचा, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाचा, आवाज वेगळा असतो. घट्ट बसलेली प्लेट चाकाखाली खणखणते, सैल झालेली आपटते. पुढचं चाक गेलं की एक ठोका, मागचं गेलं की दुसरा. गाडीत झोपलेलं माणूस इथे हटकून जागं व्हायचं. माझे कान त्या आवाजाला इतके सरावले होते की कुठली प्लेट उन्हाळ्यात कशी वाजते आणि पावसात कशी, हे मी न बघता सांगितलं असतं.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालेलं, चाकरमान्यांची परतायची घाई सुरू होती. मी दुपारची गाडी घेऊन गावाकडे चाललो होतो. गाडीत चारपाच माणसं. पहिले दोन गाळे नेहमीसारखे वाजले. तिसऱ्यावर पुढच्या चाकाचा ठोका आला, मागच्याचा आला आणि मग गाडी पुढे गेल्यावर आणखी एक, तिसरा. उचलली गेलेली प्लेट परत खाली बसल्याचा तो आवाज होता. असा आवाज मी त्या पुलावर पूर्वी ऐकला नव्हता.

पलीकडे गाडी उभी केली, वाहकाला सांगितलं आणि चालत मागे आलो. वरून बघितलं तर काहीच नाही. प्लेट टायरच्या घर्षणाने लखलखत होती. लोखंडी पूल माणसाला इथेच फसवतो. वरची बाजू रोज घासली जाते म्हणून स्वच्छ दिसते. खायला सुरुवात होते ती खालून, प्लेट आणि गर्डर यांच्यामधल्या फटीत. तिथे चिखल साचतो, खारं पाणी साचतं, ऊन पोचत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फुगत जातो आणि पाचर मारावी तसा प्लेटेला वर रेटतो. त्या रेट्यापुढे बोल्टसुद्धा तुटतो.

ओहोटी होती. खाली खांबाजवळ एक म्हातारे गृहस्थ पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, टाकत होते. मी वाकून बघतोय हे त्यांनी पाहिलं आणि खालूनच हाक मारली, “रे ड्रायव्हरा, खाली ये. वरसून काय दिसाचा नाय.”

मी चिखलातून खाली उतरलो. त्यांनी बोटाने दाखवलं. गर्डरच्या वरच्या पट्टीची कड पापुद्रे सुटून पातळ झाली होती. प्लेट धरून ठेवणाऱ्या बोल्टांची तीन भोकं रिकामी होती आणि फटीतून आभाळ दिसत होतं. रात्री डंपर गेला की आपल्या अंगावर गंज पडतो, म्हणाले. एकदा तर बोल्टच पाण्यात पडला, होडीच्या अगदी जवळ. त्यांनी हे गावात दोघातिघांना सांगितलं होतं. पुढे कोणाला सांगायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांनाही नव्हतं.

मी डेपोतल्या कंट्रोलरना फोन केला. त्यांनी वेळ न घालवता पुलाची जबाबदारी असलेल्या कार्यालयाला कळवलं आणि पर्यायी गाडी अलीकडच्या टोकाला पाठवायची तजवीज केली. पण माझी गाडी पलीकडे, गावच्या बाजूला. परतीच्या फेरीला गावातून पन्नासावर माणसं चढली. नारळाची पोती, तांदळाच्या पिशव्या, लहान मुलं. बहुतेकांना कणकवलीहून मुंबईला जाणारी रात्रीची कोकणकन्या रेल्वे गाठायची होती. पुलाच्या तोंडाशी आलो आणि मी इंजिन बंद केलं.

“ड्रायव्हरानु, गाडी कित्याक थांबवलात?”

मी उभा राहून सांगितलं. पूल चालत ओलांडायचा, पलीकडे दुसरी गाडी येतेय, सामान मी आणि वाहक उचलू लागू. गाडीत एकच गलका झाला. सकाळी तर हाच पूल धड होता, आताच काय झालं? कोकणकन्या चुकली तर तिकिटाचे पैसे कोण देणार? डोंगरावरून वळशाचा रस्ता आहे, पण त्याने गेलं तर गाडी नक्की चुकणार होती. एक जण म्हणाला, सगळे उतरतो, रिकामी गाडी तरी ने. त्याचा मुद्दा अगदीच गैर नव्हता. पण रिकामी एसटीसुद्धा काही टनांची असते, आणि मागच्या आसाचं सगळं वजन एका क्षणी त्या एकाच प्लेटेवर येणार होतं.

एसटीच्या माणसाला अशा वेळी सावित्री नदीवरचा पूल आठवतोच. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत आमच्या दोन गाड्या गेल्या, जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली. त्यातल्या माणसांचे देह पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत शोधावे लागले. तो पूल दगडाचा, हा लोखंडाचा. तिथे पूर होता, इथे ओहोटी. पण स्टिअरिंगवर बसलेली ती माणसं माझ्याच खात्याची होती, माझ्यासारखीच लॉगशीट भरून निघालेली. अंधारात, पावसात त्यांना थांबायची संधी मिळाली नाही. मला भर दुपारी मिळाली होती.

हे मी गाडीत बोललो. जवळजवळ असंच, याच शब्दांत. दुसऱ्या बाकावरची एक आजी उठली. म्हणाली, “झिला, तू गाडी हयच ठेव. आमी चलत जातव.” ती पिशवी घेऊन उतरली, मग बाकीचे उतरले. मुलांचे हात धरून माणसं कडेकडेने, गर्डरच्या बाजूने पलीकडे गेली. मघाशी सगळ्यांत मोठ्याने बोलणारा माणूस पोती नेण्यासाठी पुन्हा पुन्हा मागे येत होता.

निम्मी माणसं पलीकडे पोचली असतील, तेवढ्यात मागून डंपर आला. खडीने काठोकाठ भरलेला. २०१८ साली केंद्राने तीन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. रस्त्यावरच्या गाड्यांची मर्यादा कागदावर एका दिवसात वाढली. त्यांच्याखालचे जुने पूल होते तसेच राहिले. आणि हा डंपर त्या वाढीव मर्यादेतही बसत नव्हता, हे त्याचे टायर बघूनच कळत होतं. त्याने हॉर्न दिला. मी गाडी मागे घेतली आणि पुलाच्या तोंडावर आडवी लावली.

डंपरवाला खाली उतरला. विशीतला पोरगा. आधी आरडाओरडा, मग विनवण्या. ही खेप पोचली नाही तर आजचा रोज बुडेल म्हणाला. मी त्याला हाताला धरून खाली नेलं, त्या तीन भोकांखाली उभं केलं. वर बघून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मालकाला फोन लावून म्हणाला, मी जाणार नाही. फोनमधून शिव्या ऐकू येत होत्या. तरी तो माझ्या गाडीच्या मागे डंपर उभा करून थांबला. त्या दिवशीचं खरं नुकसान त्याचं झालं. मला पगार आहे, त्याला खेपेवर पैसे. त्याच्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

पोलीस पाटील आले, त्यांनी दोन्ही टोकांना दोरी बांधली. संध्याकाळी अभियंता आले. त्यांनी हातोडीने एकेक रिव्हेट ठोकून पाहिलं. एका हाताने ठोका द्यायचा, दुसऱ्या हाताचं बोट पलीकडच्या बाजूला टेकवून ठेवायचं. रिव्हेट सैल असेल तर बोटाला थरथर लागते आणि आवाज बद्द येतो. सैल रिव्हेटवर ते खडूने फुली मारत गेले. तिसऱ्या गाळ्यावर खडू पुरला नाही. अंधार पडायच्या आत अवजड वाहनांना पूल बंद झाल्याचं त्यांनी तोंडी सांगितलं, लेखी आदेश दुसऱ्या दिवशी निघाला. रात्री मी रिकामी गाडी वळशाने डेपोत आणली. मागून तो डंपरही आला. कोकणकन्या सगळ्यांना मिळाली, हे पलीकडच्या गाडीच्या वाहकाकडून कळलं.

आता पुलाच्या दोन्ही टोकांना रिक्षा जाईल एवढ्याच उंचीच्या लोखंडी कमानी बसवल्या आहेत. हा उपाय मला पटतो. पाटीवरचं वजन कोणी वाचत नाही, पण कमानीखालून डंपर जाऊच शकत नाही. एसटी अलीकडेच थांबते. गावकऱ्यांना चालावं लागतं. आजारी माणूस, बाळंतीण यांचे हाल होतात, आणि नवा पूल होईपर्यंत ते होत राहतील.

मला मात्र पाग टाकणारे ते आजोबा डोक्यातून जात नाहीत. पुलाचं पोट रोज बघणारं त्या गावात तेच एक माणूस होतं. तपासणी करायला येणाऱ्यांनी ओहोटीची वेळ बघून यावं आणि आधी खाली कोण मासे मारतंय त्याला विचारावं. लोखंडी पूल असेल तिथे दोन्ही टोकांना, आणि खाली खांबावरसुद्धा, फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवावा, असा अर्ज मी संबंधित कार्यालयात दिला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. सुट्टीच्या दिवशी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी आजोबांना सोबत नेणार आहे.