मगर, खेकडा आणि आमचं वॅप-फोर

चित्रकलेच्या तासाला ‘आगगाडी काढा’ म्हटलं की महाराष्ट्रभरची पोरं वाफेचं इंजिन काढतात. त्यांनीच काय, त्यांच्या आईबापांनीही बहुधा ते धावताना पाहिलेलं नसतं. तरी काळं नळकांडं, त्यावर धुराडं आणि मागच्या डब्यांवरून पसरत गेलेला धूर हे ठरलेलं. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांतली पोरं मात्र एक लांबट चौकोन काढायची आणि त्याच्या टपावर शंकरपाळ्याच्या आकाराचा पेंटो, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा. बाईंनी विचारलं, धूर कुठाय रे? तर उत्तर यायचं, “बाई, हे लाइटीवर चालतं.” बाई गुण कापायच्या. माझ्या मते तो अन्याय होता.

खेळण्यातल्या आणि हुबेहूब छोट्या घडवलेल्या आगगाड्या जमवणाऱ्यांचा एक संप्रदाय जगभर आहे, आणि संप्रदाय म्हटला की पंथ आलेच. ‘सगळ्यात आवडतं इंजिन कोणतं’ हा त्यांच्यातला कधीच न मिटणारा वाद. इंग्रज माणूस ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ म्हणणार, नाहीतर ‘मॅलार्ड’. अमेरिकन माणूस ‘बिग बॉय’ म्हणणार. युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी १९४१ ते १९४४ मध्ये बांधलेली ही अजस्र इंजिनं अवघी पंचवीस. जपानी माणूस डी-५१ चं नाव घेणार आणि लाडाने त्याला ‘देगोइची’ म्हणणार. सगळी वाफेची. माझं त्यांच्याशी वैर नाही. मॅलार्डने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटरचा वेग गाठला, तो वाफेच्या इंजिनांचा विक्रम आजही टिकून आहे. त्याच वर्षी हॉर्न्बी या इंग्रज खेळणी कंपनीने ‘डब्लो’ नावाची छोटी रेल्वे बाजारात आणली आणि तिच्या पहिल्याच खेपेत मॅलार्डच्या घराण्यातलं ‘सर नायजेल ग्रेस्ली’ नावाचं इंजिन होतं. इतक्या वेळेवर खेळणं विकायला आणणाऱ्या माणसाला धंदा कळत होता, एवढं मान्य केलंच पाहिजे.

पण या सगळ्या वाफाळ मंडळींच्या गर्दीत, खेळण्यांच्या जगात खरोखर देवपण मिळालेली दोन इंजिनं विजेची आहेत. ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर फार बरं वाटलं.

त्यातलं पहिलं स्वित्झर्लंडचं. गॉटहार्डच्या घाटात मालगाड्या ओढण्यासाठी १९१९ पासून बांधलेलं, मधे ड्रायव्हरची खोली आणि दोन्हीकडे लांबच लांब नाकाडं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘क्रोकोडाइल’, मगर. त्या नाकाडांत मोटारी बसवलेल्या, मधल्या भागात ट्रान्सफॉर्मर, आणि तिन्ही भाग सांध्यांनी जोडलेले, म्हणजे घाटातल्या वळणावर इंजिन अंग मोडून वळतं. मोटारीची ताकद आडव्या दांड्यांतून चाकांना मिळते, त्यामुळे वाफेच्या इंजिनासारखे दांडे फिरताना दिसतात, पण धूर नाही. दिसायला देखणं? छे. पण जर्मनीतल्या ग्योपिंगेनच्या मार्कलिन कंपनीने १९३० च्या दशकात त्याची मोठी पत्र्याची आवृत्ती काढली आणि १९४७ मध्ये टेबलावर मावेल अशी छोटी. ती छोटी मगर अजून निघते. नव्या रंगात, नव्या क्रमांकात, नव्या मोटारीसह. मार्कलिन म्हणजे मगर, असं समीकरणच झालंय.

का? जमवणाऱ्यांना विचाराल तर ते इतिहास सांगतील, पर्वत सांगतील. मला वाटतं कारण जास्त व्यवहारी आहे. खेळण्याच्या रुळाला वळण फार तंग असतं. मार्कलिनचं नेहमीचं छोटं वळण ३६० मिलिमीटर त्रिज्येचं, जेवणाच्या टेबलावर बसावं असं. एवढ्या वळणावर लांबलचक इंजिन घालायचं म्हणजे त्याची लांबी खोटी करायची, नाहीतर चाकं खोटी करायची. मगर मुळातच सांध्यांतून वळणारी, तिला फार खोटं बोलावं लागत नाही. घाटासाठी केलेली सोय दिवाणखान्यात कामाला आली. शिवाय त्या काळच्या मार्कलिनच्या इंजिनांना एक छोटी कळ असायची. ती फिरवली की वीज रुळातून न घेता वरच्या तारेतून, पेंटोमधून घेता यायची. खेळण्यातला पेंटो खराखुरा काम करतो, हे ऐकून भुसावळच्या माणसाने भाळू नये तर काय करावं?

आता या मगरीची बहीण आपल्याकडे होती, हे किती जणांना ठाऊक आहे? मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली आणि पुढे घाटांत तारा चढल्या. मालगाड्यांसाठी त्याच स्विस घडणीची ४१ इंजिनं जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आणवली. काही स्वित्झर्लंडमध्ये बांधलेली, बाकीची इंग्लंडात व्हल्कन फाउंड्रीत. कागदावर त्यांचा वर्ग पुढे डब्ल्यूसीजी-१ झाला. पण आपल्या माणसांनी मगर-बिगर काही म्हटलं नाही, नाव ठेवलं ‘खेकडा’. एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. ‘सर लेस्ली विल्सन’ हे त्याचं पाळण्यातलं नाव, मुंबईच्या एका गव्हर्नराचं.

माझे मामा रेल्वेत. नोकरीची सुरुवातीची वर्षं इगतपुरीला गेली, मग बदली होऊन भुसावळच्या शेडमध्ये आले ते निवृत्तीपर्यंत. खेकड्याचं नाव काढलं की मामा सरसावून बसतात. कसारा घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. तिथे मालगाडीला मागून बँकर, म्हणजे लोटणारं जादा इंजिन, लावायचे आणि तो लोटत लोटत गाडी वर आणायचा. “तो पळायचा नाही,” मामा म्हणतात, “पण सुटायचा बी नाही.” इगतपुरीच्या पुढे मात्र खेकडा कधीच आला नाही, येऊ शकतच नव्हता. मुंबईकडची तार दीड हजार व्होल्ट डीसीची आणि साठच्या दशकाच्या शेवटी भुसावळपर्यंत आली ती २५ हजार व्होल्ट एसीची. इगतपुरीला इंजिन बदलायचं, चहा प्यायचा, वडा खायचा, मग पुढची वाट. खानदेशच्या वाट्याला खेकडा आला नाही ही माझी जुनी तक्रार आहे. मामांचं म्हणणं, उन्हाळ्यात इथे आला असता तर उकडून निघाला असता.

दुसरं देवपण मिळालेलं इंजिन अमेरिकेचं, पेनसिल्व्हेनिया रेल्वेचं जीजी-१. १९३४ ते १९४३ मध्ये १३९ बांधली. नमुन्याच्या इंजिनावर रिबिटांच्या रांगाच रांगा होत्या. रेमंड लोवी नावाच्या आरेखकाने सांगितलं, हे सगळं वेल्डिंग करा. अंग गुळगुळीत झालं, त्यावर गडद हिरवा रंग आणि सोनेरी पाच रेघा आल्या आणि मालवाहू वाटावं असं धूड एकदम दरबारी दिसायला लागलं. लायोनेल या अमेरिकन खेळणी कंपनीने १९४७ मध्ये त्याचं खेळणं काढलं. लायोनेलच्या तीन रुळांच्या तंग वळणावर फिरावं म्हणून लांबी बरीच कापली, पण त्या पाच रेघा राखल्या. खेळणं करणाऱ्याचं खरं कसब इथे दिसतं. काय कापलं तर चालेल आणि काय कापलं तर इंजिन दुसरंच कुणीतरी होईल, हे त्याला कळावं लागतं.

लायोनेलचं सगळ्यात गाजलेलं खेळणं मात्र पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये आलं. सांता फे रेल्वेचं डिझेल, एफ-३, लाल नाक आणि चंदेरी अंग. अमेरिकेतल्या एका पिढीला ‘आगगाडी’ म्हटलं की तेच दिसतं. त्यामागची गंमत अशी की साच्याच्या खर्चाचा वाटा खऱ्या इंजिनाची कंपनी आणि रेल्वे कंपन्या यांनीही उचलला होता. फुकटची जाहिरात, तीही घराघरातल्या गालिच्यावर. लायोनेलने १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाची गाडीही काढली. मुलींनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांना खऱ्यासारखं दिसणारंच हवं होतं, आणि ते योग्यच होतं. माल दुकानांत पडून राहिला. आज तीच गुलाबी गाडी मूळ खोक्यासह मिळावी म्हणून लोक जीव टाकतात, आणि ती दुर्मीळ म्हणून तिच्या नकलाही निघाल्या. जमवणाऱ्यांच्या आवडीवर फार विश्वास ठेवू नये तो यासाठी.

आता आमचं. भुसावळच्या पोरांना विचारा, वॅप-फोर. डब्ल्यूएपी-४ असं लिहितात, पण तसं बोलत कुणी नाही. पाच हजार अश्वशक्ती, लाल अंगावर पांढुरका पट्टा आणि कडेला ‘बीएसएल’ ही भुसावळ शेडची अक्षरं. दूर हावड्याच्या नाहीतर दिल्लीच्या फलाटावर ती अक्षरं दिसली की गावचा माणूस भेटल्याचा आनंद होतो, हे मी पैजेवर सांगतो. आता त्यांच्या जागी वॅप-सेव्हन आलं, ६३५० अश्वशक्तीचं, डब्यांतल्या दिव्यापंख्यांनाही इंजिनातूनच वीज देणारं. चांगलंय, कुणी नाही म्हणत नाही. पण मामांच्या लेखी हे थ्री-फेजचं इंजिन म्हणजे कॉम्प्युटर. “बिघडलं की ते स्वतःच सांगतं काय बिघडलं ते,” म्हणतात, “मग आपण कशाला?”

या वॅप-फोरचं छोटं रूप करायला बसलं की एक गमतीदार घोळ समोर येतो. जगात सगळ्यात चालणारं माप म्हणजे एचओ, ८७ पट लहान. त्याचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, कारण युरोप-अमेरिकेचा खरा रूळ १४३५ मिलिमीटर रुंद. आपली ब्रॉडगेज १६७६. तिला ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरच्या वर जाते. तसा रूळ तयार मिळत नाही, म्हणून आपली बहुतेक छोटी इंजिनं साडेसोळावरच चालतात आणि समोरून बघितलं की अंगाने भरलेली, पायाने बारीक दिसतात. बहुतेकांना कळत नाही. ज्याला एकदा कळलं त्याला पुन्हा कधीच न दिसण्याची सोय नाही.

आणि याच हिशोबात आमच्या पाचोरा-जामनेर गाडीला न्याय मिळतो. पीजे! अडीच फुटी नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. भागा ८७ ने: पावणेनऊच्या आसपास. आणि ९ मिलिमीटरचा रूळ जगभर दुकानांत तयार मिळतो, कारण ‘एन’ नावाच्या छोट्या मापाचा तो रूळ. म्हणजे हावडा मेल ओढणारं दिमाखदार इंजिन टेबलावर पायात अरुंद, आणि कापसाच्या शेतांमधून रमत गमत जाणारी पीजे मात्र जवळजवळ मापात. २०२० पासून पीजे बंद आहे, रूळ रुंद करायचं ठरलंय. रुंद झाली की टेबलावर तीही साडेसोळाच्या घोळात येणार, हे रेल्वे बोर्डाने विचारात घेतलेलं दिसत नाही.

घरात या छंदाबद्दल एकमत नाही. जेमतेम वीतभर इंजिनाची किंमत चुकून आईच्या कानावर गेली तेव्हा ती म्हणाली, “कशाले रे इतका पैसा? हे तं फाटकावर रोज फुकट दिसते.” याला उत्तर नाही. मे महिन्यात भुसावळात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा प्लास्टिकचे डबे माळ्यावर ठेवायची सोय नाही, ते कपाटात साड्यांशेजारी येतात, हाही एक मुद्दा असतो. धूळ तर विचारू नका. रुळावर धुळीचा थर बसला की चाकाला वीज मिळत नाही, गाडी अडखळते, मग खोडरबर घेऊन रूळ घासत बसायचं. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे एवढा पसारा रोज चालवतात याचं मला म्हणूनच गाड्यांपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

माझा पसारा म्हणजे आठ बाय चारचा एक प्लायवूड. त्यावर सावद्याचं केळीचं यार्ड असावं असं मनात आहे. दिल्लीकडे जाणारी वाघिणींची रांग, हिरवे घड, चार हमाल. मामा बघायला आले. गाड्यांना हात लावला नाही. वॅप-फोरकडे बघून पहिलं वाक्य, “दोन्ही पेंटो वर कशाला?” जमवणारे झाडून सगळे दोन्ही पेंटो वर करून फोटो काढतात, रुबाब दिसतो. खरं इंजिन चालताना सहसा मागचाच वर असतो, म्हणजे तो तुटला तर तुकडे पुढच्यावर पडत नाहीत. मामांनी नखाने पुढचा पेंटो अलगद खाली बसवला.

मग दुसरं वाक्य, “न्यूट्रल सेक्शन कुठंय?”

तारेच्या एका तुकड्यात वीज नसते, वीज पुरवणाऱ्या दोन फीडरांच्या मधे. तिथे ड्रायव्हरने आधी डीजे, म्हणजे मुख्य ब्रेकर, उघडायचा आणि वेगाच्या जोरावर गाडी पुढे काढायची. त्यासाठी आधी पाटी लागते ५०० मीटरवर, मग २५० मीटरवर. मामांनी कागद मागितला आणि ८७ ने भागाकार केला. २५० मीटर म्हणजे पावणेतीन मीटरच्या वर. माझं प्लायवूड सारं मिळून अडीच मीटर नाही. म्हणजे ती पाटी दाराच्या उंबऱ्यापाशी. ५०० मीटरची पावणेसहा मीटरवर, म्हणजे ओसरी ओलांडून थेट स्वयंपाकघरात, ओट्याखाली गॅसचं सिलिंडर असतं त्याच्या डाव्या अंगाला. मामांनी जागा खडूने आखून दिली. पाटी लावायला आईची परवानगी अजून मिळालेली नाही. ती म्हणते, आधी उंबऱ्यावरची लावून दाखव, मग बघू.